दसऱ्याला मी गप्प का बसलो नाही

मित्रांनो, मी मोटारीचा एक जुना अलार्म आहे. कुणी गाडीला हात लावला की कोकलायचं, हे माझं काम. मी कुंडल गावाच्या एका टोकाला ओरडलो की दुसऱ्या टोकाच्या म्हशी दावं ताणायच्या. यात कुणाला बढाई वाटली तर वाटू दे, मी खरं तेच सांगतो आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. एक काळा कर्णा, तारांचा झुबका फुटलेला डबा, छोटासा तांबडा दिवा आणि दोन बटणांचा रिमोट, एवढा माझा पसारा. १९९६ साली भरतेश अण्णांनी मला पुण्याहून खोक्यात घालून आणलं. अण्णा मोठे बागायतदार. दारात चार ट्रॅक्टर आणि नवी कोरी पांढरी मारुती. मला त्या मारुतीत बसवायचं होतं, पण बसवणार कोण? गॅरेजवाल्या लालासाहेबाने माझ्या तारा बघितल्या आणि सरळ हात जोडले.

शेवटी मला बसवलं अंजनाने. तिचे वडील यल्लाप्पा फौजेत वायरलेसवर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी बॅटरी चार्जिंगचं दुकान टाकलं. अंजना आयटीआय करून आली आणि दुकानात गाड्यांच्या वायरिंगचं काम सुरू झालं. तिने माझ्यासोबतचा इंग्रजी कागद दोन दिवस वाचला, वहीत मराठीत उतरवून घेतला आणि मगच पक्कड हातात धरली. दारांना, डिकीला, बॉनेटला एकेक बारीक बटण बसवलं. झाकण उघडलं की बटण वर येणार आणि मी ओरडणार. तिने तारांना पट्टी इतकी सफाईने गुंडाळली होती, की त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो.

वर्षभर मी चोख नोकरी केली. सांगलीच्या मार्केट यार्डात दाराशी खुडबुड करणाऱ्या एकाला तर असं पळवलं, की त्याची एक चप्पल तिथेच राहिली. अण्णा येईल त्या पाहुण्याला बटण दाबून माझी पिकपिक ऐकवायचे. खूश होऊन ते अंजनाला म्हणाले होते, "साखर कारखाना सुरू व्हायच्या आत माझ्या चारी ट्रॅक्टरचं वायरिंग तुझ्याकडं." अण्णांनी काम दिलं म्हणजे सगळं गाव देणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या चार ट्रॅक्टरांवर तिचं सगळं पुढचं ठरणार होतं.

मग १९९७ चा दसरा आला. अण्णांच्या आई आक्काताईंनी गाडी धुऊन घेतली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हा जाडजूड हार घातला. अण्णांनी दारं लावली, बटण दाबलं आणि मी कोकलायला लागलो. पुन्हा बटण दाबलं की गप्प व्हायचो. पण अर्ध्या मिनिटात आपोआप पहाऱ्यावर यायचं, अशी माझी घडणच आहे. पहाऱ्यावर आलो की पुन्हा बोंब.

अर्ध्या तासात सगळी आळी जमली. लालासाहेब धावत आला आणि त्याने बॅटरीची तार काढली. आता गप्प बसेल, असं सगळ्यांना वाटलं. पण मित्रांनो, चोरही आधी तीच तार काढतो, म्हणून माझ्या पोटात माझी स्वतःची बॅटरी आहे. मी दुप्पट जोराने ओरडलो. मला बंद करायची एक किल्ली असते, ती अण्णांनी जपून ठेवायची म्हणून सांगलीला बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती.

लालासाहेब म्हणाला, "आवं अण्णा, कच्च्या हाताचं काम हाय ते. तारा तोडतो, लय सोपं हाय. ट्रॅक्टरचं बी आता मीच बघतो."

"तोड बाबा," अण्णा वैतागून म्हणाले. "सणाची पार शोभा झाली."

तेवढ्यात यल्लाप्पांच्या सायकलवरून अंजना उतरली. त्या दिवशी त्यांच्या बुद्धविहारात वंदना होती. कुणीतरी निरोप दिला, तशी ती पांढऱ्या साडीतच आली होती.

"लालासाहेब काका, पक्कड खाली ठेवा. मला पाच मिनिटं द्या."

"आन न्हाई जमलं तर?"

"तर तुमीच तोडा. ट्रॅक्टर बी तुमीच घ्या."

मला धसकाच बसला. ती काय पणाला लावते आहे, हे मला कळत होतं, पण माझ्या कर्ण्याला एकच शब्द येतो.

तिने आधी बॅटरीची तार जोडली, रिमोटने मला गप्प केलं आणि मी पुन्हा ओरडलो की दाबायला तो अण्णांच्या हातात दिला. मग ती माझ्या तांबड्या दिव्याकडे वाकली. उन्हात तो दिसेना, तेव्हा तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून त्यावर सावली धरली. दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा. मी सकाळपासून तेच सांगत होतो, पण आवाजाच्या गडबडीत दिव्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"एकदा म्हंजे दार, दोनदा म्हंजे हादरा, तीनदा म्हंजे बॉनेट," ती म्हणाली. "बॉनेट उघडं हाय."

"लागलंय की गं ते," अण्णा म्हणाले.

अंजनाने बॉनेट तळव्याने दाबलं. ते किंचित खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. आक्काताईंनी हार पक्का बसावा म्हणून त्याची जाड सुतळी बॉनेटखाली चेपली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली होती, आणि माझ्या बटणाला तेवढी पुरते.

अण्णा हार ओढायला गेले. आक्काताई आडव्या आल्या. "आजच्या दिवशी हार काढायचा न्हाई."

"काढत न्हाई, आक्काताई," अंजना म्हणाली. "तुमीच धरा, मी नुसता सरकिवते." दोघींनी मिळून तो हार दोन्ही आरशांना बांधला, भुईला न टेकवता. बॉनेट खट्कन बसलं.

अण्णांनी बटण दाबलं. अर्धं मिनिट गेलं, मग एक, मग दोन. मी पहाऱ्यावर होतो आणि गप्प होतो. यल्लाप्पांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं होतं, ते आता सोडलं.

"गप्प तर मी बी केलाच असता," लालासाहेब पुटपुटला.

"व्हय काका. पण गरज पडल्यावर ओरडायला बी पायजे त्यानं," अंजना म्हणाली. "अण्णा, काच खालीच हाय, आत हात घालून दार उघडा बघू."

अण्णांनी दार उघडलं आणि मी आयुष्यात ओरडलो नव्हतो असा ओरडलो. लोक कानावर हात ठेवून हसत होते. अण्णा म्हणाले, "उद्या चारी ट्रॅक्टर तुझ्या दारात लावतो." लालासाहेबाने पक्कड खिशात घातली, जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, "अंजना, माझ्याकडं एक जीप आलीया. दिवे लागंनात. बघतीस का?"

मित्रांनो, गेल्या वर्षी ती मारुती विकली गेली. अंजनाने मला अलगद सोडवून स्वतःच्या फळीवर ठेवलं. माझी बॅटरी संपली, कर्णा बसला. तुमच्या दारात एखादं यंत्र असंच ओरडत राहिलं तर त्याची तार तोडू नका. थोडी सावली धरा आणि त्याचा दिवा बघा. तो वाचणारं माणूस तुमच्याच गावात असेल, त्याला वेळेवर हाक मारा.