वरच्या सुराला सिझलर

आमच्या हॉटेलात जेवण आणि गाणं एकाच हॉलमध्ये चालतं. एका टोकाला स्टेज आणि स्टेजला अगदी चिकटून स्वयंपाकघराची खिडकी. जेवण त्या खिडकीतून बाहेर येतं, माझं गाणं त्याच खिडकीतून आत जातं. बांधणाऱ्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे, पण त्यामुळे माझं आणि आचाऱ्याचं जे वाजलं, ते वर्षानुवर्षं वाजतच राहिलं.

भांडण सिझलरवरून. लोखंडी प्लेट सणसणीत तापवायची, तिच्यावर भाज्या, कोंबडी, काय असेल ते, आणि शेवटी लोण्याचा गोळा. चर्रर्र! नुसता धूर! तुम्ही कितीही जीव तोडून गा, सिझलर निघाला की सगळ्या माना तिकडे. आणि हा पठ्ठ्या नेमकी माझ्या हळू गाण्यात प्लेट सोडायचा.

एकदा मी माईकवरूनच म्हणालो, "आधी आचाऱ्यांचं होऊ द्या, मग मी गातो." हॉल हसला. तो चिमटा घेऊन खिडकीत आला. "ए कोकिळे, लोक इथे जेवायला येतात. तू आहेस तोंडी लावायला!"

शेवटी मालकाने दोघांना समोर बसवून ठरवून दिलं. हळू गाणं चालू असताना सिझलर सोडायचा नाही. आचारी कुरकुरला, पण एकदा हो म्हणाल्यावर त्याने ते पाळलं. मी मात्र त्याला 'धुराड्या' म्हणायचं सोडलं नाही.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, पण कापावी लागली. कित्येक महिने घरात मुका बसून होतो. बायको म्हणायची, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं बोलणं पुरं होतंय." असं म्हणून हसायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. मला काय दिसत नव्हतं होय?

आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. मालक म्हणाला, "शनिवारी गा. ते शेवटचं हळू गाणं जमलं, तर तुझी जागा तुझी. नाहीतर लॅपटॉपवर गाणी लावणारा एकजण विचारून गेलाय." वाईट माणूस नाही तो. त्यालाही हॉटेल चालवायचंय.

शनिवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये सराव केला. त्या गाण्यात शेवटाकडे एक सूर आहे, वर जाऊन तिथेच थांबायचं. गेलो, आवाज फाटला. परत गेलो, परत फाटला.

कीबोर्डवाला म्हणाला, "दादा, पट्टी उतरवू या ना. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना! आयुष्यभर काळी दोनमध्ये गायलो, आता खाली उतरू?"

ताठा, दुसरं काय.

संध्याकाळी हॉल भरला. बायको तिच्या बहिणीला घेऊन पुढच्याच टेबलावर बसली होती. उडती गाणी निभावली. मग ते हळू गाणं. सुरुवात चांगली झाली, लोकांनी चमचे खाली ठेवले. बायकोने पाण्याचा ग्लास उचलला होता, तो हातातच राहिला. सूर जवळ आला. डोळे मिटले, तोंड उघडलं, वर गेलो...

चर्रर्रर्र!

पहिल्यांदा डोकंच सटकलं. म्हटलं, आज? मेल्या, आजच सूड उगवलास? डोळे उघडले तर खिडकीतून एकामागून एक प्लेटा बाहेर येतायत, स्टेजभर धूर, आणि सगळा हॉल मान वळवून तिकडे बघतोय. तेव्हा कळलं. माझा सूर पार फाटला होता, घशाला तेवढं जाणवलं होतं, पण तो माझा मलासुद्धा ऐकू आला नव्हता.

प्लेटा सरळ बायकोच्या टेबलावर. "अहो, आम्ही हे मागवलंच नाही!" तिचा आवाज तेवढा चर्रर्रच्या वर ऐकू आला. धूर विरेपर्यंत कीबोर्डवाल्याने गाणं खालच्या ओळीवर आणून ठेवलं होतं. ती मी गायलो, चांगली गायलो. टाळ्या पडल्या. मला की प्लेटांना, कोण जाणे.

उतरलो तो थेट स्वयंपाकघरात.

"तुला कसं कळलं रे?"

तो मान वर न करता तवा घासत होता. "दुपारी भाज्या चिरत होतो इथेच. बहिरा आहे का मी?"

"आणि ठरलेलं? हळू गाण्यात सिझलर नाही?"

"मोडलं. जा, सांग मालकाला."

मालक दारातच उभा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्यापासून पट्टी खाली घे. तुझ्या बायको-मेहुणीला मी रोज रोज सिझलर नाही खाऊ घालणार." आणि गेला. 'उद्यापासून' म्हणाला तो.

मला आभार मानायला जमत नाही. मी तिथली एक ओली प्लेट उचलली आणि पुसायला लागलो.

"पुसतोस का गंज लावतोस?" धुराड्या म्हणाला.

आता मी दोन पट्ट्या खाली गातो. मीच त्याला सांगून टाकलंय, बाबा रे, हळू गाण्यातही सोड प्लेट, माझी काही हरकत नाही. पण सोडत नाही तो. गिऱ्हाईक खोळंबतं, वेटर ओरडतो, आणि हा लोण्याचा गोळा चमच्यात धरून खिडकीत उभा.

"अरे, सोड की आता," मी परवा म्हणालो.

"गप रे," म्हणाला, "खालच्या पट्टीत बरा गातोस. ऐकू दे जरा."