फेसाच्या वड्या

महिपतरावांनी चहाबरोबर वडी उचलली, अर्धी तोंडात टाकली, वर चहाचा घोट घेतला आणि त्यांच्या तोंडातून फेस यायला लागला.

"अहो, ती नारळाची नाही!" चारुशीलाकाकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, पण उशीर झाला होता. महिपतराव मोरीकडे पळाले. एक चूळ भरली, फेस दुप्पट. दुसरी भरली, चौपट.

"पाण्याने वाढतोय वहिनी, पाण्याने वाढतोय!" मोरीतून ते ओरडले.

रघुवीरशेट आधी घाबरले. मग बायकोचा चेहरा पाहून त्यांना उमगलं आणि ते पोट धरून हसत सुटले. महिपतराव कोर्टातले निवृत्त बेलिफ. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा उजेडात धरून पाहिल्याशिवाय पिणार नाहीत, अशी त्यांची महाडभर ख्याती. त्यांच्यावर ही पाळी यावी!

"पण वहिनी, ही वडी आहे तरी कसली?" मिशा पुसत ते बाहेर आले.

"आंघोळीची."

"आंघोळीची वडी," महिपतरावांनी ते दोन शब्द एकेक करून उच्चारले आणि उरलेला चहा न पिताच ते घरी गेले.

आता ह्यात काकूंची चूक एवढीच, की वड्या वाळायला पितळी ताटात लावून त्यांनी ते ताट टेबलावर पंख्याखाली ठेवलं होतं. बाकी वड्या दिसायला खरोखर झकास होत्या. खायचा सोडा, लिंबूसत्त्व, मक्याचं पीठ, एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाने आणून दिलेली फेसाची पावडर. हे सगळं ग्लिसरीनमध्ये मळायचं, गुलाबी आणि पांढरी पोळी एकावर एक ठेवून अळूवडीसारखी वळकटी करायची आणि सुरीने कापायची. हात अळूवड्यांचाच असल्यामुळे एकही वडी वाकडी नव्हती.

हे खूळ त्यांच्या लेकीचं. चैत्राली मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला होती. तिथल्या पाहुण्यांना टबात टाकायला असल्या वड्या द्यायचे. वाहत्या नळाखाली कुस्करायची, की टबभर फेस. गणपतीला येताना तिने एक आणली आणि म्हणाली, "आई, हे तुला सहज जमेल. जमलं तर मी आमच्या मॅडमना दाखवते. कागदावर नाव मात्र तुझं घालायचं. चारुशीला."

काकूंनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण भांडी घासताना त्यांनी ते नाव दोनदा हळूच म्हणून पाहिलं. दर दिवाळीला त्यांच्या हातचं उटणं पार पोलादपूरपर्यंत जायचं, ते 'रघुवीरशेटचं उटणं' म्हणून. पुडीवर दुकानाचं नाव, दुकानावर शेटचं नाव. कुटून, चाळून, वस्त्रगाळ करून काकूंचे हात दुखायचे आणि गिऱ्हाईक शेटना म्हणायचं, काय वास आहे हो तुमच्या हाताला! शेट हे ऐकून घ्यायचे, तेही ओशाळून. माणूस वाईट नव्हता. पण तीस वर्षं स्वतःच्या हाताचा वास दुसऱ्याच्या नावावर गेला की बाईला कुठेतरी लागतंच. काकूंनाही लागलं होतं. ह्या वड्या त्यांना आपल्या नावाने जायला हव्या होत्या.

अडचण एकच होती. चैत्राली सोमवारी नमुने न्यायला येणार होती आणि तिने फोनवर बजावलं होतं, "बादलीत काहीही फेसतं गं. भरलेल्या टबात करून बघ. माणूस आत बसल्यावरही फेस टिकला पाहिजे, तरच मॅडम घेतात. आणि तेल घालू नकोस हं. तेलाने फेस बसतो."

"इथे पोहऱ्यात आहे," रघुवीरशेट बादलीतला फेस बोटाने फोडत म्हणाले, "आता आड कुठे आहे ते शोध."

काकूंनी शोधला. अख्ख्या महाडात त्यांना एक टब सापडला, तो नव्या वसाहतीतल्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यात तांदळाचे डबे, जुन्या गाद्या आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल होतं. "हे सगळं काढायचं म्हणजे आधी घर बदलायला लागेल," डॉक्टरीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या.

शेवटी वाट दाखवली ती दुकानात पोती उचलणाऱ्या येसाजीने. "वैनी, टब आमच्या वाडीला हाय की! ठमाकाकीच्या गोठ्यापाशी. म्हस पाणी पिते त्यात."

"म्हशीची डोण असेल रे."

"नाय हो. बोटीतला हाय, पांढरा, वाघाच्या पायांचा. हैबतकाकांनी मुंबैवरनं आणलेला."

रविवारी सकाळच्या एसटीने काकू आणि येसाजी पोलादपूरला उतरले, तिथून मिनीडोर रिक्षाने सावित्री नदीच्या कडेकडेने वर वाडीत. पिशवीत दोन डबे. एका डब्यात लेकीने सांगितलं तशा कोरड्या वड्या, ह्या नाइलाजाने केलेल्या. दुसऱ्यात काकूंनी स्वतःच्या मनाने केलेल्या, वाळा, नागरमोथा आणि सढळ हाताने तिळाचं तेल घालून. तेलाशिवाय आंघोळ म्हणजे काकूंच्या लेखी नुसतं भिजणं. लेकीला काय कळतंय, ती हॉटेलात राहून बिघडली, असं त्यांचं ठाम मत होतं.

टब खरंच होता. फणसाखाली, चार वाघनखी पायांवर, आत हिरवं शेवाळ, कडेला म्हैस बांधलेली. ठमाबाई साठीच्या, काटक, कपाळावर फक्त गोंदण. शहरातली शेटाणी म्हशीचा टब मागायला आली हे ऐकून त्यांनी आधी येसाजीच्या तोंडाचा वास घेतला, मग काकूंकडे पाहिलं.

"खरंच आंघूळ करणार यात?"

"फेस टिकतो का बघायचाय," काकू म्हणाल्या. "माझ्या हातचं आहे. टिकला तर माझ्या नावाने मुंबईला जाईल."

"आन नाय टिकला तर?"

"तर उटणं आहेच."

ठमाबाईंनी म्हैस सोडून येसाजीच्या हातात दावं दिलं. "हिला नदीवर ने. आन सांजपातुर हिकडं फिरकू नको. बाप्यांना बी सांग."

मग दोघी राख आणि काथ्या घेऊन टब घासायला बसल्या. घासता घासता शेवाळाखालून पांढरं उघडं पडत गेलं आणि ठमाबाईंचं तोंडही.

"आमचे हे मुंबैला दारूखाना बंदरात व्हते. मोडीत निघालेल्या बोटी तोडायचं काम. कुणा कप्तानाच्या खोलीतला ह्यो टब. पगारातनं घेतला. ट्रकनं पोलादपूर आन तिथनं चौघांनी बांबूला बांधून आणला. लांबनं वाटलं पालखीच आली. मला म्हणाले, ह्यात बस, मडमेवानी आंघूळ कर."

"मग?"

"सासू दारात हुबी, दीर हुबे. मी लाजंनं म्हटलं, मला कशाला, म्हशीला व्हईल पाणी प्यायला. सगळी हसली. हे पण हसले." ठमाबाईंनी काथ्या पिळला. "त्यांनीच पयलं पाणी ओतलं म्हशीला. परत कधी बोलले नाय. दोन शिमगे झाले त्यांना जाऊन."

काकूंनी टबाचा पाय जरा जास्तच जोरात घासला.

एवढा टब भरायला गरम पाणी एका चुलीचं काम नव्हे. पण वाडीत बातमी पोचली होती. घराघरांतून धूर निघाला आणि बायका एकेक हंडा घेऊन यायला लागल्या. शेजारची नवी सून तेजश्री, ठमाबाईंची थोरली जाऊ बनुबाई, कडेवर पोर घेतलेल्या, पोर शेजारणीकडे टाकून आलेल्या. कुणी चार लुगडी आणून फणसाभोवती आडोसा केला. टब भरत आला तशी काकूंनी पदर खोचला आणि आधी आपल्या मनाच्या वड्यांचा डबा उघडला. तेलाचा.

वडी कुस्करली. फेस उठला, टोपलीभर झाला, बायका "ऊऽऽ" म्हणाल्या. आणि उतू जाणाऱ्या दुधावर पाणी शिंपडावं तसा खाली बसला. काकूंनी दुसरी घातली, तिसरी घातली. वर नुसते तेलाचे डोळे तरंगायला लागले.

"रस्सा झाला गो," बनुबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या. काकूंना हसू आलं नाही. एवढ्या बायकांनी लाकडं जाळली, हंडे वाहिले आणि आपण लेकीचं एक वाक्य ऐकलं नाही. आपलं उटणं बरं, आपलं दुकान बरं. उगाच ह्या वयात नावाची हौस. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "लेक सांगत होती तेल नको म्हणून. दुसऱ्या आहेत कोरड्या, पण पाणी सगळं तेलकट झालं. आता कशाला परत त्रास."

ठमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वाकून टबाचं बूच उपसलं. पाणी भसाभसा अळूच्या वाफ्याकडे निघालं.

"चुली पेटल्यात," त्या बायकांना म्हणाल्या. "आन पाणी काय इकत घेतलंय? चला, हंडे उचला."

आणि बायका खरंच परत निघाल्या, कुरकुर न करता, उलट जास्तच चेकाळून. उन्हं डोक्यावर आली होती. टब पुन्हा घासला, पुसला, पुन्हा भरला. ह्या खेपेला काकूंनी कोरडी वडी घेतली. शेवटचे दोन हंडे उंचावरून ओतायला सांगितले आणि त्या धारेखाली वडी धरली.

फेस आला. आला म्हणजे काय, थांबायचंच नाव घेईना. गुलाबी पांढरा डोंगर काठाच्या वर गेला, काठावरून खाली उतरला, एका पोराने पळवला, तेजश्रीने बनुबाईच्या नाकाला लावला. काकू श्वास रोखून बघत होत्या. खाली बसत नव्हता. पण खरी परीक्षा पुढेच होती.

"आता कुणीतरी आत बसायला हवं," त्या म्हणाल्या. "मीच बसते."

"तुम्ही का म्हणून?" बनुबाई म्हणाली. "टब कुणाचा? ठमे, बस तू."

"मी? माझ्या आंगाला शेणाचा वास."

"मग तर बसच!"

नको नको म्हणता ठमाबाईंना चौघींनी धरलं. लुगड्यासकट त्यांनी एक पाय आत टाकला, चटकन मागे घेतला, पुन्हा टाकला. मग काठ धरून हळूहळू बसल्या. फेस गळ्यापर्यंत आला. डोळे मिटलेले. काकू काठाशी वाकल्या. पाणी फार गरम झालं की काय, का अंगाला चुरचुरतंय?

"कसं वाटतंय ठमाबाई?"

उत्तर म्हणून फेसातून एक हात वर आला. तळव्यावर फेसाचा गोळा. ठमाबाईंनी गाल फुगवून फुंकर मारली आणि तो गोळा थेट काकूंच्या चष्म्यावर बसला. मग जो हशा उठला, तो नदीवर येसाजीला नक्की ऐकू गेला असणार. पोरी टाळ्या पिटायला लागल्या, कुणी फेर धरला. ठमाबाई आत बसून फेस उडवत होत्या, हसत होत्या, त्यांचे पडलेले दोन दात दिसत होते.

"काकी, मडम दिसताय मडम!" तेजश्री हसण्याच्या भरात ओरडली. "नाव घ्या आता, नाव घ्या!"

एकदम सगळं गप्प झालं. नाव घ्यायचं ते सवाष्णींनी. विधवेला कुणी उखाण्याचा आग्रह करत नाही, ती घेत नाही. तेजश्रीने जीभ चावली. तिचा चेहरा रडवेला झाला. बनुबाई दात खाऊन म्हणाली, "गप गो, काय बोलतेस!"

ठमाबाईंचं हसणं थांबलं होतं. त्यांनी ओल्या हाताने काठावरून बोट फिरवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मान वर केली, घसा साफ केला आणि लग्नातल्या नवरीसारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बोटीतला टब आणला, म्हशीनं प्यालं पाणी,
हैबतरावांचं नाव घेते, फेसात बसली राणी."

मग पहिली टाळी वाजवली ती बनुबाईनेच. तिच्या मागून सगळ्यांनी, आणि तेजश्री तर हसत होती का रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला. चष्म्यावर फेस होता हे निमित्त बरं होतं.

हळूहळू बायका पांगल्या. कुणाच्या भाकऱ्या राहिल्या होत्या, कुणाचं पोर रडत होतं. आडोशामागे दोघीच उरल्या. फणसाची सावली टबावरून सरकून पलीकडे गेली. काकूंनी पाण्यात हात घालून पाहिला. ते कधीच गार झालं होतं.

"ठमाबाई, उठा आता. गारठाल."

ठमाबाईंनी दोन्ही हातांनी फेस जवळ ओढला, लेकराला पांघरूण सारखं करावं तसा गळ्यापर्यंत घेतला आणि डोळे पुन्हा मिटले.

"थांबा हो ताई जराशा," त्या म्हणाल्या. "अजून फेस हाय."