दाराबाहेरचा रब्बन

रब्बन हनानिशो सैतानासाठी प्रार्थना करायचे. हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं सांगत नाही, या कानांनी ऐकलंय. आणि ऐकल्यावर दोन्ही कानांना हात लावलाय.

आमच्या गावाच्या डोक्यावर कड्यात एक गुहा आहे, तिथे ते एकटे राहायचे. आमच्या हक्कारीच्या डोंगरांत रब्बन म्हणवणाऱ्या साधूंना तोटा नव्हता, पण बाकीचे आपल्याला बघून डोळे मिटायचे. हे हसायचे. दात दोनच उरले होते, तरी हसायचे.

मी आणि माझी धाकटी जाऊ शमुनी त्यांच्याकडे गेलो ते शाप मागायला.

शमुनीचा मुलगा सावा बर्फात गेला. सतराचा होता, लग्न ठरलं होतं. वरच्या कुरणावरून येताना वादळात सापडला आणि पहिलं घर लागलं ते खोशाबाचं. त्या खोशाबाचं आणि माझ्या दिराचं अक्रोडाच्या एका झाडावरून वाकडं होतं. सावानं दार ठोठावलं असणार, कारण सकाळी तो दाराला टेकूनच सापडला. खोशाबा म्हणाला, मी झोपलो होतो, काही ऐकलं नाही. कुणाचाच विश्वास बसला नाही. मलिकनं, म्हणजे आमच्या गावप्रमुखानं, त्याला गावाबाहेर हाकललं. पण हाकललेला माणूस कुठेतरी जेवतो, झोपतो, आणि शमुनीला तेच सहन होईना.

"रब्बन," ती म्हणाली, "त्याचे हात झडू देत. एवढंच मागा देवाजवळ."

"त्याचं नाव माझ्या प्रार्थनेत आहेच की," रब्बन म्हणाले. "सावाच्या शेजारीच घेतो."

शमुनीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या लेकराच्या शेजारी? त्या राक्षसाचं?"

"राक्षसांसाठीही मागतो. त्यांच्या धन्यासाठीसुद्धा. रुसून बाहेर बसलाय बिचारा."

"अहो, काय बोलताय!" मी म्हटलं. "चर्चमधल्या काशांनी ऐकलं तर वहाणेनं मारतील."

"ऐकलंय त्यांनी. मारलं नाही, नुसते रागावले." आणि हसले. मग शमुनीकडे वळले तेव्हा मात्र हसू गेलं होतं. "पोरी, देव एकच आहे आणि तो सगळीकडे आहे. खोशाबा जिथे उभा आहे तिथे देव नाही असं म्हटलं, तर देव तेवढ्यापुरता लहान झाला ना? मला लहान देव नको."

"मग वाईट कुठून येतं?" तिनं विचारलं. "तेही त्यानंच केलं का?"

"नाही. वाईट हे कुणी केलेलं नाहीच. घोंगडीला भोक पडतं ना, तसं. भोकात लोकर नसते, धागा नसतो, काहीच नसतं."

"माझा मुलगा काही नसण्यानं मेला का?"

रब्बनच्या डोळ्यांतून पाणी येऊन दाढीत उतरत होतं, पुसतही नव्हते. "त्या भोकानंच गारठतो माणूस," शेवटी म्हणाले.

"तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा," शमुनी म्हणाली आणि तरातरा उतरायला लागली. खरं सांगते, मलाही तेव्हा तिचंच पटलं. शहाणपण गुहेत बसून सांगायला काय जातंय!

पुढच्या हिवाळ्यात निनवेचा उपास आला. तीन दिवस अन्नाचा कण नाही, आणि तिसऱ्या दुपारी चर्चमध्ये पवित्र भाकर. त्या दिवशी रब्बनही खाली उतरायचे. उतरले ते खोशाबाचा हात धरून. चर्चमध्ये कुजबुज उठली. हाकललेल्या माणसाला आमच्यात आत यायची मुभा आहे, पण उभं राहायचं ते दाराला चिकटून. पोटचं पोर गेलेली आई बायकांच्या सगळ्यांत मागे उभी राहते. म्हणजे खोशाबाच्या पुढे कोण? शमुनी!

भाकर मोडायच्या आधी शांती द्यायची असते. वेदीपाशी काशा ती पहिल्याला देतात, त्याचे हात आपल्या हातांत घेऊन. तो मागच्याला देतो, मागचा त्याच्या मागच्याला, अशी ती हातोहात दारापर्यंत जाते. पुरुषांतून बायकांत आली, माझ्यापर्यंत आली, मी शमुनीचे हात धरले. गार पडले होते. मी सोडले, आणि तिनं ते शालीत घालून टाकले.

खोशाबा हात पुढे करून उभा. दाढी पार पांढरी झाली होती त्याची.

काशा यौनान वेदीवरून म्हणाले, "पोचली का?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"दारापर्यंत पोचल्याशिवाय मला भाकर मोडता येत नाही."

"अगं दे की बाई एकदाची," माझ्या पुढची नाझी पुटपुटली. "पोरं भुकेनं कळवळलीत."

"तुझं पोर आहे ना कळवळायला?" मी म्हटलं. "मग गप बस."

तेवढ्यात पुढून रब्बन निघाले. मला वाटलं, आता समजूत घालणार, घोंगडीचं पुराण पुन्हा लावणार. त्यांनी शमुनीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या शेजारून गेले, खोशाबाच्या शेजारून गेले, बुटक्या दारातून वाकून बाहेर पडले आणि बर्फात उभे राहिले. अनवाणी. वर बर्फ पडतच होता.

चार पुरुष धावले. "रब्बन, आत या!"

"रांगेत आहे," ते म्हणाले. "माझ्या आधी दोघं आहेत."

"तुम्हाला वेदीपाशी मिळाली ना शांती?"

"ती परत केली. मला ती खोशाबाच्या हातून हवी."

असा माणूस! अख्ख्या डोंगरात ज्याच्या पायाची माती लोक पोरांच्या कपाळाला लावायचे, तो जाऊन उभा राहिला आमच्यातल्या सगळ्यांत वाईट माणसाच्या मागे. त्याच्यामार्फत येईल तोच देव घेईन म्हणून. त्या दिवशी मला ते गुहेतलं बोलणं कळलं, आणि आजही मी त्यांचं नाव उभं राहून घेते.

पण म्हातारं शरीर, तीन दिवस उपाशी. थोड्या वेळात ओठ निळे पडले, गुडघे लटपटायला लागले. भुवयांवर बर्फ साचला. शमुनी मान वळवून बघत होती. तिची नजर हलेना.

मग ती खोशाबाशी बोलली. सावा गेल्यापासून पहिल्यांदा.

"माझं पोर असंच उभं होतं?"

खोशाबाचे हात पुढेच होते. "हो," तो म्हणाला. "मी जागा होतो. मामा, दार उघडा, म्हणाला. बरेच वेळा म्हणाला."

मला वाटलं, आता ही त्याचा गळा धरते, आणि धरला असता तर मी अडवलं नसतं. शमुनीनं शालीतून हात काढले. त्याचे दोन्ही हात असे आवळले की बोटं पांढरी पडली.

"घे," ती म्हणाली. "मेल्या, बघतोस काय, पुढे दे! मरेल ना म्हातारा!"

खोशाबा दारातून बाहेर धावला. शांतीचे शब्द त्याला नीट बोलताही येईनात, नुसता हुंदका. त्यानं रब्बनचे हात धरले आणि तसंच त्यांना उचलून आत आणलं, आपला अंगरखा त्यांच्यावर टाकला.

"पोचली," रब्बन म्हणाले. दात कडकडा वाजत होते, दोनच असले तरी. "काशा, आता मोडा. भूक लागलीय मला."

काशांनी भाकर वर उचलली. सगळे पुढे वळले, मी नाही वळले. खोशाबा जमिनीवर बसून रब्बनचा एक पाय मांडीवर घेऊन चोळत होता. शमुनी थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग खाली बसली आणि दुसरा पाय तिनं आपल्या शालीत ओढून घेतला.