वावटळीची तिसरी भिंत

हॉलच्या दाराशेजारी एक फळा होता आणि त्या फळ्यावर बारा नाचांची नावं होती. नावं खडूनेच लिहिलेली, पण दहा वर्षांत ती पुसायची कुणाची छाती झाली नव्हती. खडू आता फळ्यात मुरला होता. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला चाळीसएक माणसं तिथे रांगा लावून उभी राहत आणि कुणाचाही हात न धरता, एकाच वेळी एकच पाऊल टाकत. एक फेरी झाली की सगळे पाव गिरकी मारून शेजारच्या भिंतीकडे तोंड करत आणि तीच फेरी पुन्हा नाचत; अशा प्रत्येक फेरीला तिथे 'भिंत' म्हणत. जोडीदार लागत नाही ही या नाचाची मोठी सोय. निम्म्या लोकांचे जोडीदार नाचायला तयार नव्हते, आणि उरलेल्यांचे तयार होते म्हणून ते वेगळ्या रांगेत उभे राहत.

नवा नाच फळ्यावर चढवायचा तर नियम कडक होते. रचणाऱ्याने तो चार गुरुवार शिकवायचा. पाचव्या गुरुवारी कुणीतरी आपणहून "तो लावा" म्हणायचं, आणि तो शेवटपर्यंत नाचून व्हायला हवा. मग फळ्यावर नाचाचं नाव आणि शेजारी रचणाऱ्याचं. रचणाऱ्याच्या घरच्या माणसाची मागणी धरत नसत. हे कलम एका विमा एजंटामुळे घालावं लागलं. त्याला पाच बहिणी होत्या.

दहा वर्षांत अकरा नवे नाच आले आणि अकराच्या अकरा आल्या वाटेने गेले. बारावा कवळीवाल्यांचा. त्याचं नाव 'वावटळ', आणि उद्या त्याचा पाचवा गुरुवार होता.

कवळीवाले म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारे कारागीर. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. हॉलमधलं निम्मं हसू त्यांच्या हातचं होतं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. कवळी जितकी उत्तम, तितकी ती कुणाच्या लक्षात येत नाही. समोरचा माणूस आपले अठ्ठावीस दात दाखवून खदाखदा हसतोय आणि आपण हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, असा हा धंदा. अठ्ठावन्नावं लागलं तसं त्यांना एकाएकी वाटायला लागलं, की आपल्या नावाने ओळखली जाणारी एक तरी गोष्ट या जगात असावी, आणि ती शक्यतो कुणाच्या तोंडात नसावी.

तेव्हापासून त्यांचा पाय थाऱ्यावर नव्हता. सात महिने त्यांनी 'वावटळ' रचली. वरचा आणि खालचा जबडा नीट मिटतो का ते बघायचं एक बिजागरीचं यंत्र त्यांच्या टेबलावर असे. ते उघडमीट करत कवळीवाले मात्रा मोजत बसत, "पाच, सहा, सात, आठ." त्या काळात बाहेर पडलेल्या काही कवळ्या जरा ठेक्यात चावतात, अशी एका डॉक्टरांची तक्रारही आली.

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि गुरुवारी हॉलवर नाचायलाही यायची. स्वयंपाकघरातल्या फरशीवर चाललेला हा उद्योग ती भाजी चिरता चिरता बघत असे.

"अहो, चौसष्ट मात्रा म्हणजे काय थोडा पल्ला झाला? वाटेत एखादा थांबा तरी ठेवा."

"आहे ना! तिसऱ्या भिंतीला सोळा मात्रा झाल्या की एकदम तोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

"ते कशाला?"

"लोक चकित व्हावेत म्हणून."

"लोक दिवसभर चकित होऊनच तिथे येतात हो," बायको म्हणाली. "तिथे तरी त्यांना कुठलं पाऊल पुढे येणार ते ठाऊक असू दे की."

हा टोमणा 'चारभिंती'ला धरून होता. 'चारभिंती' हा फळ्यावरचा पहिला नाच. कुणी रचला, कुणालाच माहीत नाही. अठरा मात्रांचा: उजवीकडे तीन पावलं आणि टेकवा, डावीकडे तीन आणि टेकवा, मागे तीन आणि टेकवा, एक झोका पुढे, एक मागे, मग डावीकडे पाव गिरकी मारून पुढच्या भिंतीकडे तोंड. बस, संपलं. चार भिंती झाल्या की माणूस जिथून निघाला तिथे. कवळीवाल्यांच्या मते याला नाच म्हणणं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाला प्रवासी म्हणण्यासारखं होतं. पण तो लागला की पाणी प्यायला गेलेले धावत परत येत, गुडघेदुखीवाले गुडघे विसरत, आणि संपला की कुणीतरी हटकून ओरडे, "आणखी एकदा!"

'वावटळ'ला चार गुरुवारांत असं कुणी ओरडलं नव्हतं. पहिल्या गुरुवारी दोन मावश्यांची टक्कर झाली. दुसऱ्या गुरुवारी लोकांना एकाएकी तहान लागली. तिसऱ्याला लोक भिंतीला टेकून म्हणाले, "तुमचं चालू द्या, आम्ही बघून शिकतो." सगळा वेळ पहिल्या दोन भिंतींतच जाई, तिसरीपर्यंत नाच एकदाही पोचला नाही.

बुधवारी दुपारी मागच्या रांगेत नाचणारे बसवाले काका कवळीवाल्यांच्या कारखान्यात आले. तीस वर्षं बस चालवलेला हा गृहस्थ. त्यांची खालची कवळी टोचत होती.

"काका," कवळीवाले आवाज खाली आणून म्हणाले, खरं तर कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं, "उद्या तुम्ही 'वावटळ' मागा. मी ही घासून देतो."

"ती तर तुम्ही तशीही घासून देणार होतात."

"आता लगेच देतो."

काकांनी जीभ फिरवून टोचणारी जागा चाचपली. "मागतो. पण नाचायला लागेल का?"

"अर्थात!"

"मग नीट घासा."

गुरुवारी कवळीवाल्यांनी एका कवळीला चुकून तीन सुळे बसवले, ते काढले, आणि साडेचारलाच हॉल गाठला. तिथे खुर्च्या हलवल्या, परत होत्या तिथे ठेवल्या, आरशात भांग पाहिला, खुर्च्या पुन्हा हलवल्या. सहाला माणसं जमली. हा सगळा वर्ग चालवणाऱ्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, गाण्याच्या यंत्राशी उभ्या राहिल्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणूस बाही वर करायचा.

"बोला, आज काय लावू?"

चाळीस तोंडं 'चारभिंती'तला 'चा' म्हणायला उघडली. त्याआधी मागच्या रांगेतून बसवाले काका, पाठ केलेलं म्हणतात तसं, म्हणाले, "मला मनापासून 'वावटळ' नाचावीशी वाटते."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की कुणाची तरी कवळी हललेली ऐकू आली.

"मागणी आली," सिस्टर म्हणाल्या. "उभे राहा सगळे."

खिडक्यांकडे तोंड करून रांगा लागल्या. पहिल्या रांगेत कवळीवाले. त्यांच्या पाठीकडे बघून लोकांनी पहिली भिंत कशीबशी ओढली. पाव गिरकी मारून सगळे डावीकडे वळले तशी डाव्या कडेची माणसं पुढे आली, आणि त्या कडेला बायको होती. तिला सात महिन्यांत सगळं पाठ झालं होतं. दुसरी भिंतही पार पडली. मग सगळे दाराकडे वळले आणि कवळीवाल्यांच्या ध्यानात आलं, की आपण आता सगळ्यांच्या मागे आहोत.

तिसऱ्या भिंतीला मागची रांग पुढची होते. आणि मागची रांग म्हणजे ज्यांना पावलं येत नाहीत, म्हणून जे मुद्दाम मागे उभे राहतात, ती मंडळी. सात महिने स्वयंपाकघरात एकट्याने नाचणाऱ्या माणसाला रांगा आठवणार कुठून!

बसवाले काकांच्या पुढे आता कुणाचीच पाठ नव्हती. एक क्षण ते डगमगले. मग त्यांचे पाय त्यांना ठाऊक असलेल्या रस्त्याला लागले: उजवीकडे तीन आणि टेकवा. अख्खी रांग त्यांच्यामागून. त्यामागची तिच्यामागून. 'चारभिंती'ची खोडच ती, कुठल्याही गाण्यावर बसते. बघता बघता अख्खा हॉल एकजीव होऊन डोलायला लागला, मावश्या शिट्ट्या मारायला लागल्या, आणि "चूक! चूक!" असं ओरडणारे कवळीवाले ओरडता ओरडता डावीकडे तीन पावलं टाकून टेकवूनही मोकळे झाले.

गाणं संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय सुरेख बांधलाय हो!" एक मावशी घाम पुसत म्हणाली. "पहिल्या दोन भिंतींना जरा त्रास आहे, पण पुढे काय रंगतो!"

"लिहून टाका, सिस्टर," बसवाले काका म्हणाले. त्यांना खुर्ची हवी होती.

सिस्टरनी खडू उचलला. कवळीवाले खडूच्या आणि फळ्याच्या मधे आले. सात महिन्यांनी नाव लागणार, तेही ज्या भागाला टाळ्या पडल्या तो आपला नसताना!

"थांबा!" ते म्हणाले. "हा तो नाच नव्हे. रांगांचा घोटाळा झाला. पुन्हा लावा. या वेळी मी मागच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे तिसऱ्या भिंतीला मी पुढे असेन."

"पुन्हा?" कुणीतरी कण्हलं.

"नीट पार पडला तर लिहिते," सिस्टर म्हणाल्या आणि खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या.

पहिली भिंत गेली. दुसरीला बायको होतीच. मग सगळे दाराकडे वळले, आणि कवळीवाल्यांच्या समोर एकही पाठ नव्हती. समोर दार, फळा, फळ्यावर बारा नावांखाली उरलेली वीतभर जागा. मागे चाळीस माणसं, सगळी त्यांच्या टाचांवर डोळे लावून. शेजारी बसवाले काका चढणीला लागलेल्या गाडीसारखे धापा टाकत होते.

आठ मात्रा झाल्या, अचूक. बारा झाल्या. आता सोळाव्याला तोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. कवळीवाल्यांना हे झोपेतही आलं असतं. पण मागून बुटांचा आवाज येत होता तो त्यांना ऐकू आला. सगळ्यांचे बूट अर्धी मात्रा उशिरा पडत होते, परक्या घरात अंधारात दिवा चाचपावा तसे.

"आता काय?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

चौदा. पंधरा. सोळा.

कवळीवाल्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि उजवीकडे पडला. तीन पावलं, टेकवा.

मागे चाळीस जोड बूट एकदम, एका आवाजात पडले. कुणीतरी "हां!" म्हणालं. "अरे, अरे," कवळीवाले आपल्या पायाला म्हणाले, पण तोवर तो डावीकडे निघाला होता, आणि गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कुठे जायचं ते त्यांच्याआधी कळलं होतं. मागे तीन. झोका पुढे. झोका मागे. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं, खडू खोक्यात टाकला आणि झाकण लावलं.

आणि मग सगळे वळले. कवळीवाले तेवढे फळ्याकडे बघत उभे.

"अहो, गिरकी!" पलीकडून बायको ओरडली. "लोक अडलेत तुमच्यापायी!"

ते वळले. पाव गिरकीत फळ्याकडे पाठ होत नाही. फळा नुसता उजव्या खांद्याशी येतो. पाठ व्हायला आणखी एक भिंत लागते. ती अठरा मात्रांनी आली.