चार बोटांची फट

माझ्या मेहुण्याने हौसेने गाडी इतकी खाली बसवली, की वळताना टायर मडगार्डला घासायचे. "थोडी वर उचल," मी घसा फोडून सांगितलं. ऐकेल तर तो मेहुणा कसला!

शेवटी माझ्याच गॅरेजच्या खड्ड्यात मी उतरलो आणि त्याने गाडी माझ्या डोक्यावर आणून उभी केली. अलाइनमेंट करताना मी चाकं वरच्या बाजूने जरा आत कलवली, त्याला स्टिअरिंग फिरवायला लावलं. घासणं बंद! तो खूश होऊन उतरला.

मी नेहमीसारखा बंपरखालून बाहेर सरकायला गेलो, तर फट चारच बोटांची.

"अरे, गाडी मागे घे!" मी हात बाहेर काढून ओरडलो.

"थांबा दाजी, फोटो काढतोय. तेवढा हात आत घ्या."