पूर्वा गौरीची साथ

यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर येतेय हे कळलं, तेव्हाच मी वॉर्डाच्या मुख्य सावित्री सिस्टरना म्हटलं होतं, आता तुमच्या नर्स पोरी आजारी पडणार. मी लवू, हॉस्पिटलच्या रिसेप्शनला फोनवर बसतो. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, असा माझा मोठा समज होता.

आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे वाणाची सुपं भरून गौरीला ओवाळायचं, गौर पूर्वावर आली तरच होतो. नाही आली की पुढच्या वर्षावर. त्यामुळे दोन-तीन वर्षांत लग्न झालेल्या नवऱ्या खोळंबून राहतात आणि मग सगळ्यांना एकदम सासरी पळायचं असतं. सिस्टर रजा देणार कुठून? मालक डॉक्टर नवी नर्स घेत नाहीत, आणि पावसाळी तापाने वॉर्ड भरलेला. मग आजारी पडायचं, दुसरं काय!

सकाळपासून फोन सुरू झाले. उमाला म्हणे उलट्या होत होत्या. तिच्या पाठीमागे स्टँडवरचा माणूस राजापूर गाडी लागल्याचं ओरडत होता. उलट्या गाडीत बसल्यावर कर, आधीच कशाला, असं मी म्हटलं तर ती फिसकन हसली आणि फोन ठेवला. श्रुतीला चक्कर आली, आणखी एकीची कंबर धरली. सिस्टर करवादल्या, मालकांच्या नावाने बोटं मोडली, पण खोटं कोणालाच म्हणाल्या नाहीत. पोरींना सासरी ऐकून घ्यावं लागतं, असं वर त्याच म्हणाल्या. शालन आहे ना, सांभाळेल ती.

शालन खेडशीच्या बौद्धवाडीतली. तिच्या घरी गणपती नाही, म्हणून गणपतीत सगळ्यांच्या ड्युट्या तिच्या गळ्यात. तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. चौदा एप्रिलला ती रजा मागायची, तेव्हा सिस्टरांचं एकच, एकीला दिली की सगळ्या मागतील. मग ती वॉर्डाच्या खिडकीतून जयंतीची मिरवणूक बघायची आणि परत कामाला लागायची. त्या दिवशी आजारी पडायचं काही तिला सुचलं नाही.

आणि नेमका तिचाच फोन आला. ताप आहे, उभं राहवत नाही, म्हणाली. मला हसूच आलं. काय गो, तुझी पण गौर पूर्वावर आली काय, असं मी विचारलं. सिस्टरनी माझ्या हातातला रिसीव्हर ओढला.

"शालन, त्यांचं मी समजू शकते. तुझ्याकडे कुठे सण आहे?"

शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं, "येते, सिस्टर."

ती आली. डोळे लाल होते, पण सकाळी सगळ्यांचेच असतात. तिच्या कपाळाला हात लावून बघावं असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, आणि आम्ही हॉस्पिटलात काम करतो! गौरीपुढे हळदीकुंकू लावायला घरी जायचं म्हणून सिस्टर जेवणवेळेला निघणार होत्या. त्या पर्स उचलत होत्या, तेवढ्यात शालनने एका म्हातारीला इंजेक्शन दिलं, सुई नीट टाकून दिली आणि तिथेच जमिनीवर बसली. उठेना.

लेप्टोची, उंदरांमुळे होणाऱ्या तापाची, शंका आहे, डॉक्टर म्हणाले. भातखाचरातल्या पाण्यात उतरली असेल. किडनीवर गेलं तर हातात काही राहत नाही, आणि एवढ्या तापात तिला कामाला उभं कोणी केलं, असंही त्यांनी विचारलं. सिस्टर माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे.

मग काय, तिलाच खाटेवर घेतली आणि तिच्याकडे बघायला नर्स नाही. सिस्टर घरी गेल्याच नाहीत. त्यांनीच तिचं अंग पुसलं. मी फोन वाजत ठेवून सलाईनची बाटली धरून उभा होतो. मधेच शालनने डोळे उघडले आणि म्हणाली, "खिडकीजवळच्या आजींची बाटली संपत आलीय, बघा कोणीतरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाचली ती. गौरी गेल्यावर उमा आली, हातावर मेंदी, सिस्टरांसाठी ओवशाचं वाण. उलट्या थांबल्या का, हे तिला कोणी विचारलं नाही. खाटेवर शालन दिसली आणि तिने वाण पदराखाली लपवलं.

शालन घरी जायच्या दिवशी सिस्टर रिसेप्शनपर्यंत तिच्या सोबत आल्या. बोलायला त्यांना जड जात होतं. पुढच्या गणपतीत तू अजिबात यायचं नाहीस, रजेचं माझ्याकडे लागलं, मालकांशी मी भांडेन, असं त्या म्हणाल्या.

शालनने पिशवी खाली ठेवली.

"गणपतीत मी येईन, सिस्टर. मला चौदा एप्रिल द्या. आजारी न पडता."

सिस्टरांची मान खाली गेली. मी फोन उचलून कानाला लावला, वाजला नव्हता तरी.