नेद्याल्कासाठी सूप नेणारा निळा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरून हात फिरवलात तर तीन ठिकाणी बोट अडखळेल. तिथे निळा मुलामा उडून खालचे काळे लोखंड दिसते. दोन टवके वयोमानाने उडाले. तिसरा कसा उडाला ते तुम्हांला सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

मी कडीचा डबा आहे. बाहेरून निळा, आतून पांढरा, दोन लिटर सूप मावेल एवढा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी पत्र्याला आकार देऊन मला मुलाम्यात बुडवले आणि भट्टीत भाजले. तो चटका असा होता, की त्यानंतर कुठलेही सूप मला गरम वाटले नाही.

डॅन्यूब नदीच्या काठावरच्या आमच्या गावात नेद्याल्काने मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विकत घेतले. तिचा नवरा स्पास जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक होता. ती सूतगिरणीत सकाळच्या पाळीला जायची आणि दुपारी मला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. पुदिना घातलेले घेवड्याचे सूप, मसुराचे सूप, शुक्रवारी मासे. स्पासने झाकण उघडले की आजूबाजूचे कामगार मान लांब करायचे. "स्पास, डबा आम्हांला दे. बायको तुझी तुलाच ठेव," असे कुणीतरी म्हणायचेच. मला फार अभिमान वाटायचा.

मग कारखाना बंद पडला आणि माझे काम संपले. बाल्कनीत मला कपड्यांचे चिमटे ठेवायला लावले. सतरा वर्षे माझ्या पोटात लाकडी चिमटे होते. थंडीत कडी गारठायची, उन्हात झाकण तापायचे. मी कुणाला दोष देत नाही. पण ज्याने कधी सूप वाहिले आहे त्याला चिमटे वाहणे जड जाते.

या सतरा वर्षांत मला एकदाच धुऊनपुसून बाहेर नेले. नेद्याल्काची आई वारली होती आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला उकडलेला गहू न्यायचा होता. आई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे धाकट्या मुलीने, गेर्गिनाने, खेड्यातल्या घरी एकटीने केले. नेद्याल्का सणावारी जायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची. त्या दिवशी भरल्या पंगतीत गेर्गिना मोठ्याने म्हणाली, "या, ताई. आज सवड मिळाली वाटतं तुला." नेद्याल्काचा चमचा ताटातच राहिला. स्पास ताडकन उठला. "पुन्हा आमच्या दारात पाय ठेवू नकोस," तो म्हणाला. त्यानंतर नऊ वर्षे दोन्ही घरांत एक शब्द झाला नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत नेद्याल्काचे पोट दुखू लागले. ती म्हणाली, वात धरला असेल. स्पासने तिला सोडा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभी असताना खाली कोसळली. बाल्कनीच्या काचेतून मला फक्त तिची चप्पल दिसत होती. रुग्णवाहिका आली आणि तिला घेऊन गेली. आतड्याला छिद्र पडले होते. ऑपरेशन करून तिला अतिदक्षता विभागात ठेवले.

त्यांना मूलबाळ नव्हते. स्पास एकाहत्तर वर्षांचा. पाच दिवस तो दवाखान्यात जायचा, काचेतून तिला बघायचा आणि परत यायचा. सहाव्या दिवशी आला तो थेट बाल्कनीत शिरला. त्याने मला उपडे केले. चिमटे फरशीवर खळाखळा पडले. तिला घरचे पातळ सूप द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

मित्रांनो, स्पासला सूप करता येत नव्हते. पाण्यात हाडे टाकली की सूप होते, एवढेच त्याला माहीत होते. त्याने मूठभर मीठ टाकले. दवाखान्याच्या दारात सिस्टर दोन्काने माझे झाकण उघडून चमचाभर चव घेतली.

"आजोबा, हे माणसासाठी आहे की घोड्यासाठी?"

"तिला ताकद यायला हवी," स्पास म्हणाला.

"ताकद येईल, पण समुद्र पोहायची. उद्या बिनमिठाचं आणा. आणि गाळून."

दुसऱ्या दिवशी त्याने गाळून आणले. नेद्याल्काने तीन चमचे घेतले. त्या दिवशी मी जवळजवळ भरलेलाच घरी परतलो.

स्पास दाराबाहेर ज्या बाकावर बसायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच दिवशी एक बाई येऊन बसली. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर पिशवी. ती गेर्गिना होती. कुणाकडून तरी तिच्या कानावर गेले होते आणि ती खेड्याहून पहिल्या बसने आली होती. स्पासने तिच्याकडे पाहिले आणि मला उचलून दोघांच्या मध्ये ठेवले, कुंपण घालावे तसे.

दिवसाला एकाच माणसाला आत सोडत. अकरा वाजता, दहा मिनिटे. स्पास आत जायचा. गेर्गिनाने "मी जाऊ का" असे कधी विचारले नाही. तो मला घेऊन बाहेर आला की ती आधी त्याचा चेहरा बघायची. मग तो मला बाकावर ठेवून नळाशी गेला की एका बोटाने माझे झाकण तिरके करायची आणि सूप किती उरले ते पाहायची. पुन्हा झाकण लावून सरळ बसायची. असे तिने तीन दिवस केले.

तिसऱ्या दिवशी नेद्याल्काने वाटीभर सूप संपवले. ताप उतरला होता. तिला साध्या वॉर्डात हलवले होते, खिडकीजवळची खाट मिळाली होती. स्पास घरी जाताना रस्त्यात एकटाच पुटपुटत होता. "आता बरी होणार. आता खायला हवं. पाण्यावर माणूस जगतो का?"

आणि त्याने जे करायला नको ते केले. नेद्याल्काला सगळ्यांत जास्त आवडायचे ते वजडीचे सूप, दुधातले, वर लाल तिखटाचे तूप, लसूण आणि व्हिनेगर. दुसऱ्या दिवशी खाणावळीतून ते त्याने माझ्यात भरून घेतले. डॉक्टरांनी बजावले होते, पातळ आणि गाळलेलेच द्या. सिस्टर दोन्का दुसरीकडे गेल्याची संधी साधून तो मला कोटाखाली लपवून आत घेऊन गेला.

"नको रे, स्पास," नेद्याल्का म्हणाली. "डॉक्टर रागावतील."

"डॉक्टर काल आल्या. मी तुला एक्केचाळीस वर्षं ओळखतो. घे."

तिने चार चमचे घेतले. त्याच्यासाठी घेतले, हे मला कळत होते. ती हसली. तो आनंदाने बाहेर आला. मला मात्र आपल्या पोटातल्या लसणाच्या वासाची भीती वाटत होती. पण डब्याला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही वॉर्डात शिरलो. खिडकीजवळची खाट रिकामी होती. गादीची वळकटी करून ठेवली होती.

स्पासच्या हातातून कडी सुटली. मी फरशीवर आपटलो, आतले सूप सांडले आणि मी गडगडत खाटेखाली गेलो. तिसरा टवका तेव्हा उडाला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाईघाईने म्हणाली, "आहे, आहे, जिवंत आहे! सकाळपासून ताप होता. आत्ता खाली नेलं. परत कापणार म्हणतात."

मला खाटेखालून काढून तो बाहेर आला. बाकावर बसला नाही, कोसळला. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा गेर्गिनाशी बोलला.

"मी मारलं तिला."

गेर्गिनाने त्याच्या हातून मला घेतले, झाकण काढले, वास घेतला. आदल्या दिवसाचा तो वास मला नीट न धुतल्यामुळे राहिला होता.

"वजडी?" ती म्हणाली. "पोट शिवलेल्या बाईला वजडी?"

 मित्रांनो, तिला त्या वेळी काहीही बोलता आले असते. पंगतीतल्या त्या एका वाक्याहून कडू शब्द तिच्या जिभेवर असणारच. मी तिच्या मांडीवर होतो. तिने माझे झाकण घट्ट लावले.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं. उठा, दाजी. भूल द्यायच्या आधी त्यांना कळायला हवं पोटात काय आहे. उठा म्हणते ना!"

तिने त्याला दंडाला धरून उठवले. लिफ्ट येईना, म्हणून दोघे जिन्याने धावले. एका हातात स्पासचा दंड, दुसऱ्या हातात मी. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोहोचलो तेव्हा डॉक्टर अर्नाउदोव्हा टोपी बांधत होत्या. गेर्गिनाने दारावर मलाच आपटले. डॉक्टर बाहेर आल्या.

"काल मी तिला वजडीचं सूप दिलं," स्पास म्हणाला. त्याने सबब सांगितली नाही. "चार चमचे. अकरा वाजता."

डॉक्टरांचा चेहरा कठीण झाला. "आतडी काम करत नसतील तर ते अजून पोटात असेल. भूल देताना घशात येऊन श्वास अडकला असता तर?" त्यांनी आत ओरडून सांगितले, "थांबा! आधी नळी घालून पोट रिकामं करा." दार बंद झाले.

चार तास गेले. त्या चार तासांत दार सहा वेळा उघडले आणि सहाही वेळा दुसऱ्याच कुणासाठी उघडले. स्पासचे ओठ पांढरे पडू लागले. गेर्गिनाने विचारले, "शेवटचं कधी जेवलात?" त्याला आठवेना. रक्तदाबाची गोळी? तीही तीन दिवस घेतली नव्हती. तिने पिशवीतून पाव आणि चीज काढले आणि तो खात असताना समोर उभी राहून पाहिले. मित्रांनो, आजाऱ्याची चौकशी सगळे करतात. बाहेर बसलेल्याला मात्र कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

अखेर डॉक्टर आल्या. आत पू झाला होता, तो काढला होता. "हे बरेच दिवस साचत होतं. सुपानं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. स्पास रडू लागला, तशा त्या पुढे म्हणाल्या, "पण सुपानं ती आज टेबलावरच दगावली असती. सांगितलंत म्हणून वाचली. पुन्हा असं काही आणलंत तर दारातूनच परत पाठवीन."

स्पासने कोटाच्या खिशातून घराची किल्ली काढली. बराच वेळ ती मुठीत ठेवली. मग गेर्गिनापुढे धरली. "मला सूप येत नाही," तो म्हणाला.

तिने किल्ली घेतली. त्या दिवशी तिने मला राखेने घासले, उकळत्या पाण्याने तीनदा विसळले आणि माझ्यात भाताची पेज भरली.

पण मित्रांनो, लगेच सगळे ठीक झाले नाही. नेद्याल्का कुणालाच ओळखत नसल्यासारखी छताकडे बघत पडून असायची. चार दिवस मी गेलो तसा भरलेला परतलो. पाचव्या दिवशी दोन चमचे. सहाव्या दिवशी उलटी. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, हिने खाल्ले नाही तर कठीण आहे. स्पास बाकावरून उठला, अंगातला भेटीचा पांढरा झगा काढला आणि गेर्गिनाच्या खांद्यावर टाकला.

"आज तू जा."

"मला बघून तिचं बिघडलं तर?"

"माझ्याकडे बघून तरी कुठं सुधारतंय? जा."

ती मला घेऊन उशाशी बसली. नेद्याल्काने डोळे उघडले.  गेर्गिनाने चमचा पुढे केला. नेद्याल्काने पेज तोंडात घेतली, गिळली.

"अळणी आहे," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय तसं केलंय."

"तुझं सगळं अळणीच असतं. आई म्हणायची."

गेर्गिनाच्या डोळ्यांतून पाणी आले. "ताई, त्या दिवशी पंगतीत मी जे बोलले..."

"नंतर. आधी चमचा दे."

त्या दिवशी अकरा चमचे गेले. मी मोजले. तिथून ती हळूहळू सावरली. मध्ये पुन्हा दोनदा ताप आला, पण दवाखान्यात आल्यापासून एकतिसाव्या दिवशी ती स्पासचा हात धरून जिना उतरली.

आता एप्रिल आहे. गेर्गिना दर गुरुवारी बसने येते. परवा तिघे बाल्कनीत उन्हात बसले होते आणि मी टेबलावर गरम सूप घेऊन उभा होतो. नेद्याल्का एकदम म्हणाली, "गेर्गिना, आईचं सगळं सांग मला. पहिल्यापासून."

"आता कशाला, ताई?"

"मी तिथं पडले होते ना, तर दार वाजलं की वाटायचं, कोण आलं? आईलाही वाटत असेल. आणि मी नव्हते. ती काय खायची, कशावर चिडायची, माझं नाव घ्यायची का. काही गाळू नकोस."

गेर्गिना सांगू लागली. स्पासने आपली खुर्ची नेद्याल्काच्या जवळ ओढली. सूप निवून गेले, तरी कुणी माझे झाकण उघडले नाही, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

मित्रांनो, आम्हां भांड्यांना घासूनपुसून ठेवा, ही विनंती आहेच. पण तुमचे कुणी आजारी असेल तर आधी त्याच्याकडे जा. भांडण झाले असेल तरी जा. सूप करता येत नसेल तर रिकाम्या हातांनी जा. दार वाजले की आतला माणूस मान वळवतो. हे मी उशाशी बसून पाहिले आहे.